चौदा वर्षांवरील मुलींना हरकत नाही

माझा स्वभाव कडक आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. लातुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे आणि एवढ्या वर्षांत मी वाचल्याशिवाय एकही कादंबरी मुलींच्या हातात गेलेली नाही. नवं पुस्तक आलं की आधी ते माझ्यासोबत घरी येतं. काही वावगं दिसलं की ते वरच्या फडताळात जातं. मुली मागून मला ‘चाळणीबाई’ म्हणतात, ते मला माहीत आहे. म्हणू देत. पीठ चाळलं नाही तर किडे पोटात जातात आणि मग हेच लोक बोंबलत दवाखान्यात पळतात.

पुढे पुस्तकं वाचणं बंद झालं आणि सगळा कारभार फोनवर आला. तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी पालकांचा एक ग्रुप काढला आणि मला म्हणाल्या, ‘नीलम्मा मॅडम, आता मालिकासुद्धा तुम्हीच चाळा.’ मला कोण आनंद झाला! मी एक दोनशे पानी वही घेतली आणि रेघा मारून पाच रकाने केले. मारामारी, रक्त, दारू, शिव्या आणि पाचवा नको ती जवळीक. भाग बघायचा, प्रत्येक रकान्यात किती वेळा ते मांडायचं आणि शेवटी एका ओळीचा शेरा ग्रुपवर टाकायचा. ‘दहा वर्षांवरील चालेल.’ ‘मोठ्यांनीच बघावं.’ आणि कधीकधी ‘कुणीच बघू नये.’ हा शेवटचा लिहिताना मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा शाळा सुरू झाल्यावर महिनाभरातच ‘निद्रावाडी’ नावाच्या मालिकेचा गवगवा झाला. आठवीपासून बारावीपर्यंत सगळ्या पोरी तीच बघत होत्या. निद्रावाडी नावाचं गाव, तिथली मेलेली माणसं परत येतात, असं काहीतरी. कोपऱ्यात ‘सोळा अधिक’ असं लिहिलेलं. ग्रुपवर आया विचारू लागल्या, ‘मॅडम, मुलींनी बघितलं तर चालेल का?’ त्यातल्या निम्म्या जणींचे स्वतःचे आठही भाग बघून झालेले होते आणि शेवटी काय होतं तेही माहीत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय आपल्या लोकांना फार.

मी ठरवलं, ही मालिका अंजूला सोबत घेऊन बघायची. स्वयंपाक किती चांगला झाला हे शेवटी खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं.

अंजू माझ्या धाकट्या बहिणीची, गौरम्माची मुलगी. नायगावजवळच्या एका खेड्यात तिच्या वडिलांची, मल्लेशची शेती आहे. नववीपासून मी तिला लातुरात शिकायला आणलं, कारण आम्हाला मूलबाळ नाही आणि पोरगी हुशार. आता ती अकरावी सायन्सला आहे. सोळा पूर्ण व्हायला दोन महिने कमी.

गौरम्मा मार्चमध्ये गेली. सकाळी कापडं वाळू घालता घालता पडली. डोक्यातली नस फुटली होती. नांदेडच्या दवाखान्यात दीड दिवस काढला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं सगळं. वय एकेचाळीस. त्या वेळी अंजूचे दहावीचे पेपर चालू होते, इतिहास आणि भूगोल राहिले होते. मल्लेशचा फोन आला तेव्हा तो नुसता रडत होता, त्याच्याकडून काही ठरणं शक्यच नव्हतं. मग मी ठरवलं. पोरीला सांगायचं नाही. पेपर होऊ द्यायचे. आमच्या मालकांना, रेवणसिद्धांना, तिच्याजवळ ठेवलं आणि मी एकटी गावाकडे जाऊन बहिणीला माती देऊन आले. चार दिवस अंजूला सकाळी डबा करून दिला. ‘आई बरी आहे गं, फोन लावू देत नाहीत तिथं,’ असं तोंड भरून सांगितलं. भूगोलाचा पेपर देऊन ती घरी आली तेव्हा तिला समोर बसवून खरं सांगितलं.

ती ओरडली नाही. ‘कधी?’ एवढंच विचारलं. मी वार सांगितला. ती बोटांवर दिवस मोजत राहिली. भूगोलात तिला चाळीसपैकी सदतीस पडले आणि निकालादिवशी मी सगळ्या शाळेला पेढे वाटले.

तर ‘निद्रावाडी’. भुतांची मालिका म्हणून मी काही घाबरले नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस मरत नाही, लिंगैक्य होतो. आमच्यात श्राद्ध नाही, दहाव्याचा कावळा नाही, पिंड नाही. माणसाला आम्ही जाळत नाही. आंघोळ घालून, विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन मांडी घालून बसवतो आणि तसंच बसलेलं जमिनीत ठेवतो. ते शिवात मिळालं, विषय संपला. मागे राहतंच काय, तर भूत व्हायला? आमचे वडील म्हणायचे, ज्याच्या गळ्यात लिंग त्याच्या वाटेला भूत जात नाही. मला लहानपणी चिंचेखालून एकटीला पाठवायचे आणि मी ताठ मानेने जायचे. तेव्हा भुतांचं सोडा, ती आपल्या पोरीला काय करणार? मला काळजी होती ती बाकीच्या रकान्यांची.

चार रविवार, दुपारचं जेवण झालं की दोन-दोन भाग. मी खुर्चीत, मांडीवर वही, हातात रिमोट. अंजू खाली सतरंजीवर उशी कवटाळून. मालक दारापाशी पेपर वाचायचं सोंग करत. जवळीक आली की मी पुढे ढकलायचे. दारूच्या वेळी ढकलत नव्हते, कारण दारू पिणाऱ्याचे हाल बघितलेले बरे. दुसऱ्या भागात शिव्या सतरा. तिसऱ्यात एका म्हाताऱ्याचं डोकं फुटतं, रक्ताच्या रकान्यात दोन. पण खरं सांगते, मालिका चांगली होती. मेलेली माणसं दाढा दाखवत नव्हती, नुसती येऊन आपल्या घरासमोर उभी राहायची, आणि आतली माणसं दार उघडावं का नाही म्हणून भांडायची. दोनदा तर मी मांडायचंच विसरले.

पाचवा भाग सगळ्यात स्वच्छ निघाला. त्यात पाटलाची सून मरते. म्हणजे सगळ्यांना वाटतं की मेली. तिला परसात घाईघाईने पुरतात. आणि मग तो मातीखालचा प्रसंग. आधी नुसता अंधार, मग श्वास, मग तिचे डोळे उघडतात. बोटं माती उकरायला लागतात. वर तिची मुलगी अंगणात भांडी घासते आहे आणि खाली आई हाक मारते आहे, पण हाक वर पोचत नाही. चांगली चार-पाच मिनिटं चाललं होतं ते.

मालक पेपर टाकून उठले. म्हणाले, ‘मला न्हाई बघवत.’ आणि चप्पल घालून बाहेर गेले.

मी हसले. भांड्यांच्या दुकानात दिवसभर टणाटण सहन करणारा गडी आणि याचं एवढंसं काळीज! वहीत मी लिहिलं, ‘भाग पाच. मारामारी नाही, रक्त नाही, दारू नाही, शिव्या नाहीत, जवळीक नाही.’ पाच शून्यं. आख्ख्या मालिकेत असं पान दुसरं नव्हतं. अंजूकडे बघितलं तर ती उशीत हनुवटी रुतवून बसली होती. ‘भ्यालीस का?’ मी विचारलं. तिने मान हलवली. मला वाटलं, बघा, आपल्या घरची पोर.

आठवा भाग संपला त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर शेरा टाकला. ‘निद्रावाडी. भीतीदायक असली तरी संस्कारांना धक्का लावणारी नाही. दुसरा आणि सहावा भाग मोठ्यांनी सोबत बसून दाखवावा. चौदा वर्षांवरील मुलींना हरकत नाही.’ तासाभरात पन्नास नमस्कार आले. एका आईने लिहिलं, ‘तुमच्यामुळे निर्धास्त झाले मॅडम.’

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मंगळवारी पहाटे मी साडेपाचला चहा ठेवायला उठले, तर अंजू अंथरुणावर बसून झोपलेली. भिंतीला पाठ, मांडी घातलेली, मान एका बाजूला कललेली. मी म्हटलं, अभ्यास करता करता डोळा लागला असेल. मांडीवर पुस्तक नव्हतं, तेही माझ्या लक्षात आलं होतं, पण मी तसंच म्हटलं. बुधवारी परत तेच. गुरुवारी भाकरी थापताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

‘मावशी, खड्डा किती खोल असतो गं?’

‘कसला खड्डा?’

‘आपल्यात असतो तो.’

मला वाटलं, पोरीला आईची आठवण आली, आता रडेल, आणि रडली की आजचा दिवस वाया. मी म्हटलं, ‘हे काय विचारायचं वय आहे का तुझं? जा, फिजिक्सचं टिपण काढ.’ ती गेली. रात्री जेवताना तिने मालकांना विचारलं, ‘काका, डॉक्टर चुकत असतील का हो कधी?’ मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं आणि म्हणाले, ‘वरण घे.’

शुक्रवारी साडेनऊला क्लासमधून फोन आला. अंजली आज आलेली नाही, तब्येत बरी आहे ना? मी तिला सकाळी सातला माझ्या हाताने डबा देऊन पाठवलं होतं. तिचा फोन बंद. मैत्रिणींना काही माहीत नाही. एवढ्या मुलींची सव्वीस वर्षं राखण केली आणि घरातली एक हातची गेली, असंच मनात आलं. नको नको ते विचार आले. कुणी मुलगा असेल का? फोनवर काही चालू असेल का? माझ्या पाच रकान्यांच्या बाहेरचं मला काही सुचतच नव्हतं. मालक दुकान बंद करून आले, स्टँडवर जाऊन आले, ओळखीच्या कंडक्टरांना विचारून आले. अशात पाऊण वाजला आणि मल्लेशचा फोन आला.

‘अक्का, अंजू इकडं आली हाय. घरात न्हाई आली, थेट शेतात गेली. समाधीपाशी बसून राहिली. खुरपं हाय हातात, उकरून राहिली. म्या जवळ गेलो तर हात लावू नका म्हनती. अक्का, तुमी या. मला लई भेव वाटाया लागलंय.’

आम्ही शेजाऱ्यांची गाडी मागून निघालो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, नांदेड मागे पडलं, तरी मालक बोलले नाहीत. नायगाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, ‘मी त्या दिवशी उठून गेलो, तवाच तुला कळाया पाहिजे होतं.’

‘तुम्ही तोंडानं का नाही बोललात मग?’ मी फाडकन म्हणाले.

‘तुझ्यापुढं कोण बोलतंय?’ ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं.

मला राग आला, कारण ते खरं होतं. ती पाच शून्यं माझ्या डोळ्यांपुढे आली. मातीखाली डोळे उघडणारी आई, आणि माझ्या शेजारी बसलेली ही पोर, जिच्या आईला पाच महिन्यांपूर्वी आम्ही जमिनीत बसवलं होतं. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? जवळीक आली की मी रिमोट दाबत होते आणि त्या प्रसंगाला शून्यं मांडत होते. लातुरातल्या सगळ्या मुलींना काय झेपेल ते मला कळत होतं. माझ्या पायाशी बसलेल्या एका मुलीचं मी बघितलंच नाही. मला स्वतःची शिसारी आली.

शेतात पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. सोयाबीन गुडघ्याएवढं आलेलं. कडेला लिंबाचं झाड आणि त्याच्याखाली समाधी, म्हणजे नुसता मातीचा उंचवटा आणि वर चार दगड. बांधकाम दिवाळीनंतर करायचं होतं. मल्लेश बांधावर उभा होता, दुपारपासून तो हललाच नसावा. मालक त्याच्याजवळ थांबले. मी एकटी पुढे गेले.

अंजू उंचवट्याला कान लावून आडवी पडली होती. शेजारी कोपरभर खोल खड्डा केलेला, खुरपं त्यात उभं. नखांत काळी माती. माझी चाहूल लागली तशी उठून बसली. रडलेली नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

‘अंजू, काय करून राहिली तू हे?’ घरचं बोलणं आपोआप तोंडात आलं. ‘तुला कुणी सांगितलं आई जिवंत हाय म्हणून?’

‘कुणी न्हाई सांगितलं,’ ती म्हणाली. ‘पण मेली म्हणून तरी कुणी दाखवलं?’

मी खाली बसले.

‘मला माहिती हाय मावशी, असं होत न्हाई. मी बायोलॉजी करून राहिले, मला सगळं पाठ हाय. पण डोळे मिटले की ती बाई दिसती. तिला तर झोपवलेलं होतं, तरी ती उठली. आईला तुम्ही बसवलं होतं. बसलेल्या माणसाला उठाया किती वेळ लागतो?’

तोंडावर आलं होतं, असले वेडे विचार करू नकोस, आई शिवाजवळ आहे, चल घरी. आयुष्यभर मी हेच केलं. जे जड ते वर ठेवायचं आणि किल्ली आपल्याजवळ. पण तिच्या नखांकडे बघितलं आणि मला कळलं की आज मी काही वर ठेवलं तर ही पोर आयुष्यभर उकरत बसेल.

‘ऐकशील?’ मी म्हणाले. ‘सगळं सांगते. तुझ्या वयाला शोभेल असं न्हाई ते.’

‘सांग.’

‘तुझी आई पहाटे चारला गेली. कागदपत्रं होऊन गाडी गावात यायला दोन वाजले. दहा तास झाले होते. दहा तासांत माणूस ताठतं, अंजू. लाकडावानी होतं. आपल्यात मांडी घालून बसवायचं असतं. तिचे गुडघे वाकेनात. बायका मागं सरल्या. विधीला आलेले स्वामी म्हणाले, गरम पाणी आणा. मी टॉवेल बुडवून बुडवून तिचे गुडघे शेकले. तासभर. मग उजवा पाय मी धरला आणि जोर लावला. आवाज आला. मग डावा.’

अंजू माझ्याकडे बघत होती. डोळ्याची पापणी हलत नव्हती.

‘तुझी आई लहानपणी बोटात काटा गेला तर गल्ली गोळा करायची. जिवंत माणसाचा पाय असा वाकवला असता तर नायगावपर्यंत आवाज गेला असता. मी तिच्या तोंडाकडे बघतच होते. मनात म्हणत होते, गौरे, ओरड. एकदा ओरड. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना हाकलून देते, तुला दवाखान्यात नेते. न्हाई ओरडली ती. मी तिची थोरली बहीण हाय, पाळण्यापासून तिला वळखते. ती तिथं नव्हती, अंजू. तुझी आई त्या आधीच गेली होती. आम्ही मातीत बसवलं ते तिचं अंग होतं.’

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मालकांनासुद्धा नाही.

मग अंजूने एकेक विचारायला सुरुवात केली. डोळे मिटलेले होते का? मिटलेले होते, डावा थोडा उघडा राहत होता. लुगडं कोणतं? हिरवं, उदगीरच्या लग्नात घेतलेलं. केस कुणी विंचरले? मी. वेणी का अंबाडा? वेणी, कारण अंबाडा मागे टेकत होता. हातात लिंग कसं राहिलं? बोटं मिटत नव्हती, म्हणून पांढऱ्या दोऱ्याने बांधलं. वास येत होता का? थोडा, दवाखान्याच्या औषधाचा. खड्डा किती खोल? पुरुषभर, आणि आत बसवायला कोनाडा. वरून काय टाकलं? विभूती, मीठ, बेलाची पानं. कोण रडलं? सगळे. पप्पा? पप्पा पडलेच होते, दोघांनी धरलं त्यांना. प्रत्येक प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं, एकदाही सौम्य केलं नाही. आणि मला दिसत होतं, ऐकता ऐकता तिचे खांदे खाली येत होते. पाच महिने ती ते ताठ धरून होती आणि मी म्हणत होते, पोरगी किती सावरली.

मग ती म्हणाली, ‘भूगोल जुलैत परत देता आला असता, मावशी.’

‘हाव.’

‘तू मला विचारलं पण न्हाईस.’

‘न्हाई विचारलं. मी ठरवलं. चुकलं माझं, अंजू.’

असं मी कधी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणून झाल्यावर मला रडू फुटलं आणि ते आवरेना. तेव्हा कुठे तिलाही रडू आलं. आम्ही दोघी तिथे बसून मोठ्याने रडलो. बांधावरचे दोघे जवळ आले नाहीत, बरं झालं.

शांत झाल्यावर मी म्हणाले, ‘ती मालिका दाखवायलाच नको होती तुला.’

ती नाक पुसत म्हणाली, ‘मालिका चांगली हाय. ती बघितली नसती तर मी हे कधी विचारलंच नसतं. तू पण सांगितलं नसतंस.’

मग ती मालिका तिच्या वयाला योग्य होती की नव्हती? माझ्यासारखीला याचं उत्तर एका ओळीत देता यायला हवं होतं. मला आजही देता येत नाही. तिने बसून काढलेल्या रात्री मला दिसतात आणि त्या संध्याकाळचे तिचे खाली आलेले खांदेही दिसतात.

ऊन उतरलं होतं. अंजूने खड्ड्यातून खुरपं काढून बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता पायाने माती ओढून खड्डा बुजवेल. तिने तसं केलं नाही. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी माती उचलली, कपाळाला लावली आणि खड्ड्यात सोडली. काय चाललंय ते मल्लेशला माझ्याआधी कळलं. तो डोक्याचा रुमाल काढून हातात घेऊन आला आणि लेकीच्या मागे उभा राहिला.

तिने तीनदा माती दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू पण दे.’

‘मी त्या दिवशी दिली होती गं.’

‘त्या दिवशी मी नव्हते,’ ती म्हणाली. ‘आता माझ्यासमोर दे.’

मी मूठ भरली आणि तिच्यासमोर दिली.